ध्रुवीय अभिस्तर पेशींत विषाणू शिरतात कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विषाणू आणि पेशी या विषयावर जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक एमएस्सीचे विद्यार्थी असतात. काही डॉक्टर, काही शिक्षक आणि थोडे चौकस पालकही असतात. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. ध्रुवीय अभिस्तर पेशी म्हणजे काय? सगळ्याच पेशी तशा नसतात का?

नाक, श्वासनलिका, आतडं, मूत्रपिंडाच्या नलिका, लाळग्रंथी या सगळ्यांना आतून अभिस्तर पेशींचं अस्तर असतं. या पेशीचा एक पृष्ठभाग पोकळीकडे असतो, म्हणजे हवा, अन्न किंवा लघवी जिथून जाते तिकडे. उरलेला पृष्ठभाग शेजारच्या पेशींना आणि खालच्या आधारपटलाला टेकलेला असतो, त्याच्या पलीकडे रक्तवाहिन्या. या दोन पृष्ठभागांवरची प्रथिनं वेगळी असतात, मेदांचं प्रमाणही वेगळं असतं. आतड्याच्या पेशीत साखर तोडणारं सुक्रेज हे विकर वरच्या बाजूला सापडतं, सोडियम-पोटॅशियम पंप मात्र खालच्या आणि कडेच्या बाजूला. ही वाटणी आहे म्हणून ग्लुकोज आतड्यातून रक्ताकडे जातं, उलट येत नाही. याच वाटणीला ध्रुवीयता म्हणतात.

रक्तातल्या लिम्फोसाइटला असं कायमचं वर-खाली नसतं. या पानावर 'वरची बाजू' म्हणजे पोकळीकडची, आणि 'खालची बाजू' म्हणजे तळाची व कडेची मिळून.

२. दोन पेशींच्या मधल्या फटीतून विषाणू सरळ का जात नाहीत?

कारण ती फट बंद असते. दोन शेजारच्या पेशी वरच्या टोकाजवळ टाइट जंक्शनने एकमेकींना जोडलेल्या असतात. ऑक्लुडिन, क्लॉडिन, जॅम-ए, कार ही त्यातली प्रथिनं. त्याच्या खाली ॲडहेरन्स जंक्शन असतं, त्यात ई-कॅडहेरिन आणि नेक्टिन ही प्रथिनं, त्याखाली डेस्मोसोम. क्लॉडिनच्या छिद्रांतून क्षार आणि पाणी जातं, पण त्या छिद्रांचा व्यास एका नॅनोमीटरच्याही आत आहे. पोलिओचा विषाणू लहानातला लहान धरला तरी सुमारे ३० नॅनोमीटरचा, आणि इन्फ्लुएंझाचा १०० च्या आसपास.

टाइट जंक्शनचं आणखी एक काम आहे. वरच्या पृष्ठभागावरची प्रथिनं घसरत खाली येऊ नयेत आणि खालची वर जाऊ नयेत, हेही तेच पाहतं. कॅल्शियम काढून घेतलं की जंक्शन उघडतात आणि ही वाटणी बिघडते. प्रयोगशाळेत हे मुद्दाम केलं जातं (प्रश्न १३).

३. पेशीवर रिसेप्टर आहे म्हणजे संसर्ग होणारच ना?

नाही. रिसेप्टर म्हणजे पेशीवरचा तो रेणू, ज्याला धरून विषाणू आत शिरतो. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पाठ्यपुस्तकात 'अमुक विषाणू, तमुक रिसेप्टर' असा तक्ता असतो आणि परीक्षेपुरता तो पुरतो. पण रिसेप्टर खालच्या बाजूला असेल आणि विषाणू हवेतून वरच्या बाजूला येऊन पडला असेल, तर त्या पेशीपुरता तो रिसेप्टर नसल्यासारखाच.

उदाहरण म्हणून व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणू घ्या. हा गुराढोरांचा विषाणू प्रयोगशाळेत 'सगळ्या पेशींत शिरणारा' म्हणून प्रसिद्ध आहे. १९८४ मध्ये फुलर, फॉन बॉन्सडॉर्फ आणि सायमन्स यांनी तो एमडीसीके या कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या ध्रुवीय पेशींना दिला, तेव्हा तो फक्त खालच्या बाजूने शिरला. त्याचा मुख्य रिसेप्टर एलडीएल रिसेप्टर आहे हे २०१३ मध्ये कळलं. हा रिसेप्टर या पेशींत खालच्या बाजूला असतो, त्यामुळे जुना निकाल आपोआप उलगडला.

प्लास्टिकच्या डिशमध्ये विरळ वाढवलेल्या पेशींना धड वर-खाली नसतं, जंक्शन अर्धवट असतात, रिसेप्टर सगळीकडे पसरलेले असतात. अशा पेशींवर काढलेला निष्कर्ष नाकाला किंवा आतड्याला लावताना हात आखडता घ्यावा. शोधनिबंध वाचताना मी आधी पेशी कशावर वाढवल्या ते पाहते, रिसेप्टरचं नाव त्यानंतर.

४. मग वरच्या बाजूने थेट शिरणारे विषाणू कोणते?

इन्फ्लुएंझा आणि कोरोना ही ओळखीची नावं. इन्फ्लुएंझा सायलिक आम्लाला (पेशीवरच्या एका साखरेला) चिकटतो, आणि ते श्वसनमार्गाच्या पेशींच्या वरच्या बाजूला भरपूर असतं. माणसाच्या वरच्या श्वसनमार्गात त्याची अल्फा-२,६ जोडणी जास्त, पक्ष्यांच्या आतड्यात अल्फा-२,३. अडचण अशी की श्लेष्म्यातल्या म्युसिन प्रथिनांवरही सायलिक आम्ल असतं, म्हणजे विषाणू पेशीपर्यंत पोचण्याआधीच अडकतो. तिथे त्याचं न्यूरामिनिडेज हे विकर कामी येतं. ते सायलिक आम्ल कापून वाट मोकळी करतं.

कोविडच्या विषाणूचा रिसेप्टर एसीई२, तोही श्वसनमार्गात वरच्या बाजूला, मुख्यतः सिलिया (केसांसारखे हलणारे तंतू) असलेल्या पेशींवर. टीएमपीआरएसएस२ हे विकर त्याचं स्पाइक प्रथिन कापतं आणि विषाणूचं आणि पेशीचं पटल तिथल्या तिथे एकजीव होतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात असं दिसलं, की श्लेष्म्याचा थर ओलांडायला हा विषाणू सिलियांचाच आधार घेतो, आणि नव्या विषाणूंना बाहेर पडताना पेशीवरच्या मायक्रोव्हिलाय (पटलाचे बोटांसारखे बारीक उंचवटे) लांब आणि फांदीदार करून घेतो. धूळ-जंतू बाहेर लोटायला असलेली यंत्रणा वापरूनच आत येणं, याला धूर्तपणा म्हणायचा मोह होतो. विषाणूला डोकं नसतं, हे मान्य.

५. रिसेप्टर टाइट जंक्शनमध्ये लपलेला असेल तर विषाणू तिथे पोचतो कसा?

या प्रश्नाचं सगळ्यात नीट उत्तर कॉक्सॅकी बी विषाणूने दिलं आहे. हृदयाच्या स्नायूला सूज आणणारा हा विषाणू शरीरात जातो तोंडावाटे, आतड्याच्या अस्तरातून. त्याचा रिसेप्टर 'कार', म्हणजे कॉक्सॅकी आणि ॲडेनोव्हायरस रिसेप्टर, १९९७ मध्ये ओळखला गेला. पुढे लक्षात आलं की ध्रुवीय पेशीत कार असतो टाइट जंक्शनमध्ये, चाळीतल्या दोन खोल्यांच्या सामाईक भिंतीत कडी बसवावी तसा. वरून येणाऱ्या विषाणूच्या तो हाताला लागत नाही.

२००६ मध्ये कॅरोलिन कॉइन आणि जेफ्री बर्गेल्सन यांनी हा प्रवास टप्प्याटप्प्याने दाखवला. विषाणू आधी चिकटतो डीएएफ या दुसऱ्या प्रथिनाला. हे प्रथिन वरच्या बाजूला मुबलक असतं, पण त्याला चिकटून विषाणूला आत जाता येत नाही. मात्र विषाणू चिकटल्यामुळे बरेच डीएएफ रेणू एकत्र गोळा होतात आणि पेशीच्या आत ॲबल नावाचं कायनेज (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारं विकर) जागं होतं. ॲबलमुळे रॅक हे प्रथिन सक्रिय होतं, रॅकमुळे वरच्या पटलाखालच्या ॲक्टिनच्या तंतूंची मांडणी बदलते, आणि डीएएफला चिकटलेला विषाणू पृष्ठभागावरून सरकत सरकत जंक्शनपाशी नेला जातो. तिथे कार भेटतो. कारशी जोडणी झाली की विषाणूचं कवच आकार बदलतं. हा बदल झाल्याशिवाय आतला आरएनए मोकळा होत नाही.

शिरण्याचा शेवटचा टप्पाही वेगळाच. डीएएफमुळे फिन हे आणखी एक कायनेज सक्रिय झालेलं असतं. ते कॅव्हिओलिनला फॉस्फेट जोडतं, आणि विषाणू कॅव्हिओलिनच्या पुटिकेतून (पटलापासून बनलेल्या छोट्या पिशवीतून) आत जातो. जंक्शनमधलं ऑक्लुडिनही त्याच्याबरोबर आत ओढलं जातं.

म्हणजे पेशीला आतून सूचना देऊन तिच्याकडूनच वाहतूक करून घ्यायची. ॲबल अडवणारं औषध दिलं की विषाणू वरच्या बाजूला चिकटतो, पण जागेवरच राहतो. औषधाने अडवल्यावर कुठे थांबला ते पाहून पायऱ्या मोजायच्या, अशी ही पद्धत, विद्यार्थ्यांनी शिकण्यासारखी.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. कॉक्सॅकी बीचे सगळेच प्रकार डीएएफला चिकटत नाहीत. आणि उंदराचा डीएएफ या विषाणूला धरत नाही, त्यामुळे उंदरावरचे निकाल जसेच्या तसे माणसाला लावता येत नाहीत.

६. ॲडेनोव्हायरसही कारच वापरतो. त्यालाही डीएएफ लागतं का?

नाही, आणि म्हणूनच तो वेगळ्या अडचणीत सापडतो. पावसाळ्यात डोळे येतात, ताप-सर्दी-घसा होतो, त्यात ॲडेनोव्हायरसचा वाटा मोठा. त्याचे बरेच प्रकार कारला धरतात आणि मग इंटेग्रिन या पेशीवरच्या प्रथिनांच्या मदतीने आत जातात. श्वसनमार्गाच्या अखंड थरात कार आणि ही इंटेग्रिन दोन्ही मुख्यतः खालच्या बाजूला. त्यामुळे वरून दिलेला ॲडेनोव्हायरस फारसा शिरत नाही.

याचा फटका बसला जीनोपचाराला. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना ॲडेनोव्हायरसमधून दुरुस्त जनुक नाकात आणि फुप्फुसात देण्याचे प्रयत्न १९९० च्या दशकात झाले. डिशमधल्या पेशींत जनुक उत्तम जात होतं, रुग्णांच्या श्वसनमार्गात फारच थोडं गेलं. रोगप्रतिकारशक्तीने विषाणूवर केलेला हल्ला हे एक कारण होतंच. रिसेप्टर चुकीच्या बाजूला असणं हे दुसरं.

मग नैसर्गिक संसर्ग होतो कसा? याची तीन उत्तरं पुढे आली आहेत आणि माझ्या मते तिन्ही थोडीथोडी खरी आहेत. अस्तराला इजा झाली की खालची बाजू उघडी पडते. कारचं एक वेगळं रूप थोड्या प्रमाणात वरच्या बाजूलाही असतं. आणि दाह सुरू झाला की सूज आणणारं आयएल-८ हे रसायन कार आणि इंटेग्रिनला वरच्या बाजूकडे आणतं, म्हणजे संसर्ग रोखायला आलेल्या पेशींमुळेच विषाणूची सोय होते.

बाहेर पडण्याची युक्ती २००२ मध्ये समजली. संसर्ग झालेली पेशी विषाणूचं फायबर प्रथिन गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवते. हे मोकळं फायबर खालच्या बाजूला सुटतं, शेजारच्या दोन पेशींचे कार एकमेकांना धरून असतात ती पकड सोडवतं, आणि उघडलेल्या फटीतून नवे विषाणू वर निसटतात. ॲडेनोव्हायरसच्या ज्या प्रकारांना कार लागत नाही, त्यातले काही डेस्मोग्लेन-२ वापरतात. तेही पेशींच्या जोडणीतलंच, डेस्मोसोममधलं प्रथिन आहे.

७. गोवर हवेतून पसरतो. मग तो श्वासनलिकेच्या पेशींतच आधी शिरत असणार ना?

बरीच वर्षं असंच मानलं जात होतं. घडतं उलट. श्वासाबरोबर आलेला गोवराचा विषाणू आधी फुप्फुसातल्या मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक या प्रतिकार पेशींत शिरतो, कारण त्यांच्यावर एसएलएएम हा रिसेप्टर असतो. त्या पेशी त्याला लसीका ग्रंथींत नेतात, तिथे तो वाढतो आणि रक्तातल्या पेशींवरून अंगभर फिरतो. श्वसनमार्गाच्या अभिस्तरात तो शेवटी येतो, आणि येतो रक्ताच्या बाजूने, म्हणजे खालून.

यातली गंमत म्हणजे अभिस्तरातला रिसेप्टर सापडण्याआधीच त्याचं काम सिद्ध झालं होतं. २००८ मध्ये अभिस्तरातल्या त्या अज्ञात रिसेप्टरला धरता येणार नाही असा बदललेला गोवराचा विषाणू माकडांना दिला गेला. माकडं आजारी पडली, पण त्यांच्या श्वासमार्गातून विषाणू बाहेर पडला नाही. म्हणजे आजार पसरवायला तो रिसेप्टर लागतो, आजारी पाडायला नाही. २०११ मध्ये दोन गटांनी त्याचं नाव शोधलं: नेक्टिन-४, ॲडहेरन्स जंक्शनमधलं प्रथिन. खालून शिरलेला विषाणू वरच्या बाजूने बाहेर पडतो, आणि खोकल्यातून दुसऱ्यापर्यंत जातो. (हेच नेक्टिन-४ मूत्राशयाच्या कर्करोगावरच्या एका औषधाचंही लक्ष्य आहे.)

कसलीच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देतो असा आकडा सर्रास दिला जातो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, साथ आली तेव्हा हा वेग लोकांनी पाहिला. श्वासमार्गात अगदी वरच्या टोकाला, आणि तेही आजार अंगभर पसरल्यावर, विषाणू सोडण्याची ही व्यवस्था त्या वेगामागचं एक कारण आहे.

८. एम पेशी म्हणजे काय? पोलिओशी त्यांचा काय संबंध?

आतड्यात पेयर्स पॅच नावाचे लसीका ऊतींचे ठिपके असतात. त्यांच्यावरच्या अस्तरात मधूनमधून एम पेशी असतात. यांच्यावर मायक्रोव्हिलायची दाट झालर नसते, श्लेष्माही पातळ असतो, आणि आतड्यात जे येईल त्याचे नमुने उचलून खालच्या प्रतिकार पेशींच्या हवाली करणं हेच त्यांचं काम. रीओव्हायरस याच मार्गाने उंदराच्या आतड्याखाली पोचतो हे १९८१ मध्ये दिसलं. मानवी आतड्याच्या तुकड्यांत पोलिओचा विषाणू एम पेशींना चिकटून आत जाताना १९९० मध्ये दिसला. रीओव्हायरसच्या बाबतीत हे विशेष सोयीचं, कारण त्याचा रिसेप्टर जॅम-ए टाइट जंक्शनमध्ये असतो. एम पेशीतून पलीकडे गेलं की तो मागच्या बाजूने सापडतो.

पोलिओचा विषाणू साध्या आतडी पेशींतही शिरू शकतो. कॅको-२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशींत तो दोन्ही बाजूंनी शिरतो, पण पेशी न फोडता मुख्यतः वरच्या बाजूने बाहेर पडतो.

९. इंजेक्शनची पोलिओ लस असताना तोंडावाटे थेंब का देतात?

तोंडावाटे दिलेला जिवंत विषाणू आतड्यातच वाढतो, म्हणून आतड्याच्या अस्तराखालच्या पेशी आयजीए प्रतिपिंडं बनवायला लागतात. ही प्रतिपिंडं खालच्या बाजूला बनतात, उपयोग मात्र वर, पोकळीत. अभिस्तर पेशी खालच्या बाजूच्या पॉलिमेरिक इम्युनोग्लोब्युलिन रिसेप्टरने आयजीए पकडते, पेशीतून आरपार नेते आणि वर सोडते. ध्रुवीयतेचा हा आपल्या बाजूचा उपयोग.

इंजेक्शनची लस रक्तात प्रतिपिंडं देते, त्यामुळे लकव्यापासून रक्षण होतं. पण ज्या मुलाने आधी कधीच थेंब घेतले नाहीत, त्याच्या आतड्यात विषाणू वाढणं ती फारसं रोखत नाही. थेंब घेतलेल्या मुलाला नंतर इंजेक्शन दिलं तर मात्र आतड्यातली प्रतिकारशक्ती चांगली वाढते, असं भारतातल्या अभ्यासांत दिसलं. भारतात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला.

१०. रोटाव्हायरसच्या लसीबद्दल बरंच ऐकतो. तो कोणत्या बाजूने शिरतो?

प्रकारावर अवलंबून. सायलिक आम्लाला चिकटणारे काही प्राणिजन्य प्रकार वरूनच शिरतात. ज्यांना सायलिक आम्ल लागत नाही ते दोन्ही बाजूंनी शिरू शकतात. शिरण्याआधी त्याचं व्हीपी४ प्रथिन ट्रिप्सिनने कापलं जावं लागतं, आणि लहान आतड्यात ट्रिप्सिन असतंच. प्रयोगशाळेत ते बाहेरून घालावं लागतं. ते विसरलं की दोन दिवसांनी कोऱ्या पेशी बघत बसावं लागतं. व्हीपी४ चा कापलेला एक तुकडा टाइट जंक्शन सैल करतो, त्यामुळे खालची इंटेग्रिन त्याच्या आवाक्यात येतात असं मत आहे.

भारताच्या लसीकरण कार्यक्रमात ही लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली. रोटासिल पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, रोटाव्हॅक हैदराबादच्या भारत बायोटेकची. दोन्ही तोंडावाटेच देतात; कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

११. विषाणू कोणत्या बाजूने बाहेर पडतो याने काय फरक पडतो?

खूप. १९७८ मध्ये एन्रिके रॉड्रिगेझ-बुलान आणि डेव्हिड साबातिनी यांनी एमडीसीके पेशींचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले फोटो दाखवले. इन्फ्लुएंझाचे कण फक्त वरच्या पटलातून उगवत होते, व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिसचे फक्त खालून. पेशी तीच, विषाणू दोन, दिशा उलट. पेशी आपली प्रथिनं दोन बाजूंना कशी वाटते, हा सगळा अभ्यास बऱ्याच अंशी या फोटोंपासून सुरू झाला.

वरून बाहेर पडणारा विषाणू सहसा अस्तरापुरता राहतो. खालून पडणारा रक्तात जाण्याची शक्यता जास्त. सेंडाई या उंदरांच्या विषाणूत हे स्पष्ट दिसलं: मूळ प्रकार वरून बाहेर पडतो आणि फुप्फुसातच राहतो. त्याचा एक बदललेला प्रकार दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो, शिवाय त्याचं प्रथिन शरीरात सगळीकडे असलेल्या विकरांनी कापलं जातं. तो अनेक अवयवांत पसरला. नुसती दिशा बदलून एवढं झालं असतं असं मी म्हणणार नाही. दोन बदल एकत्र आले.

१२. यकृताच्या पेशीही ध्रुवीय असतात का? हिपॅटायटिसचे विषाणू काय करतात?

असतात, पण त्यांची मांडणी गोंधळात टाकणारी. आतड्यासारखं सरळ वर-खाली नाही. दोन शेजारच्या पेशींच्या मधे पित्ताची बारीक नळी असते, ती त्यांची वरची बाजू. रक्ताकडचा पृष्ठभाग खालची.

हिपॅटायटिस सी रक्तातून येतो. आधी सीडी८१ आणि एसआर-बी१ हे रिसेप्टर भेटतात, मग क्लॉडिन-१ आणि ऑक्लुडिन. शेवटचे दोन टाइट जंक्शनमधले. क्लॉडिन-१ चा सहभाग २००७ मध्ये चार्ल्स राइस यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आला. राइस २०२० च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी. या विषाणूचा बराचसा अभ्यास एचयूएच-७ या यकृताच्या गाठीतून आलेल्या पेशींवर झाला आहे, आणि त्या नीट ध्रुवीय होत नाहीत, हे निकाल वाचताना ध्यानात ठेवा. त्रिमितीय कल्चरमध्ये पाहिलं तेव्हा विषाणू आधी रक्ताच्या बाजूला धरतो आणि मग ॲक्टिनच्या मदतीने जंक्शनकडे सरकतो असं दिसलं. प्रश्न ५ मधल्या कॉक्सॅकीची आठवण यावी असा हा प्रवास.

हिपॅटायटिस ए आणि ई रक्तात फिरताना पेशीकडून घेतलेल्या पटलात गुंडाळलेले असतात. पित्तात उतरले की पित्तक्षार ते पटल विरघळवतात, आणि विष्ठेतून नागडे, टिकाऊ कण बाहेर पडतात. दूषित पाण्याच्या साथी यातूनच. दिल्लीतली १९५५-५६ ची काविळीची मोठी साथ हिपॅटायटिस ईची होती हे कितीतरी वर्षांनी, जपून ठेवलेले नमुने तपासल्यावर ठरलं.

१३. प्रयोगशाळेत वरची आणि खालची बाजू वेगळी कशी तपासतात?

सच्छिद्र पटलाचा तळ असलेल्या छोट्या कपात पेशी वाढवतात. त्याला ट्रान्सवेल किंवा नुसतं 'इन्सर्ट' म्हणतात. कप खोबणीत टांगलेला राहतो. बारा खोबणींच्या प्लेटमध्ये साधारण अर्धा मिलिलिटर माध्यम वर आणि दीड मिलिलिटर खाली. एमडीसीके काही दिवसांत तयार होतात. कॅको-२ ना तीन आठवडे द्यावे लागतात. त्या मोठ्या आतड्याच्या गाठीतून आल्या आहेत, पण पिकल्यावर लहान आतड्याच्या पेशींसारख्या वागतात. श्वसनमार्गाच्या पेशींना वरचं माध्यम काढून हवा द्यावी लागते, मग तीन-चार आठवड्यांत सिलिया हलताना दिसतात.

थर बंद झाला की नाही हे विजेच्या रोधाने मोजतात. इलेक्ट्रोडचा एक पाय वर, एक खाली. आकडा पेशीप्रमाणे बदलतो: एमडीसीकेच्या एका उपप्रकारात हजार ओहम-चौरस सेंटिमीटरच्या वर, दुसऱ्यात शंभराच्या आसपास, आणि दोन्ही थर निरोगीच. म्हणून दुसऱ्याच्या निबंधातला आकडा उचलून आपल्या पेशींना नापास करू नका.

यंत्र हाताशी नसेल तर एमडीसीके साध्या प्लास्टिकवर दाट वाढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. पेशी खालच्या दिशेने पाणी ढकलतात, प्लास्टिकमधून ते जात नाही, म्हणून थर जागोजागी फुगतो. फोकस थोडा वर-खाली केला की हे फुगवटे स्पष्ट दिसतात. ध्रुवीयता डोळ्यांनी पाहण्याची याहून स्वस्त पद्धत मला माहीत नाही.

जंक्शन मुद्दाम उघडायची असतील तर ईजीटीए घालून कॅल्शियम बांधून टाकतात. त्यानंतर वरून दिलेला विषाणू एकदम शिरायला लागला, तर रिसेप्टर खाली होता असा तर्क निघतो.

१४. एचआयव्हीही अभिस्तर पेशींत शिरतो का?

संसर्ग करतो असं सहसा म्हणत नाहीत. १९९७ मध्ये ध्रुवीय पेशींच्या थरावर दाखवलं गेलं, की संसर्ग झालेली पेशी वरून चिकटली तर विषाणू पुटिकेत बसून पेशीतून आरपार जातो आणि खाली बाहेर पडतो. त्या पेशीत तो वाढत नाही. शरीरात हा मार्ग कितपत महत्त्वाचा, यावर एकमत नाही. अस्तराला झालेल्या जखमा आणि डेंड्रायटिक पेशी यांचं पारडं जड आहे असं मला वाटतं.

१५. एचपीव्ही आणि ओठांवरच्या हर्पिसला हे लागू होतं का?

अर्धवट. एचपीव्हीचं लक्ष्य एकाच थराचं अस्तर नसतं. त्वचा आणि गर्भाशयमुखाचा बराच भाग अनेक थरांचा असतो. बारीक खरचटल्यावर आधारपटल उघडं पडतं, विषाणू तिथल्या हेपरान सल्फेटला चिकटतो आणि तळाच्या पेशींत शिरतो. हर्पिस सिम्प्लेक्सचा एक रिसेप्टर नेक्टिन-१ ॲडहेरन्स जंक्शनमध्ये असतो. त्याची जीई आणि जीआय ही प्रथिनं नव्या विषाणूंना पेशींच्या सामाईक कडेकडे पाठवायला मदत करतात, त्यामुळे तो बाहेर न येताच शेजारच्या पेशीत जाऊ शकतो.

१६. पटलावर चिकटल्यानंतरची वाट दोन्ही बाजूंना सारखीच असते ना?

नाही. क्लॅथ्रिनच्या पुटिका दोन्हीकडे असतात, पण वरच्या पटलाखाली ॲक्टिनचं दाट जाळं असतं. एमडीसीके पेशींना ॲक्टिन मोडणारं सायटोकॅलेसिन दिलं तर वरच्या बाजूची एंडोसायटोसिस (पटल आत ओढून बाहेरचं आत घेणं) मंदावते, खालची चालू राहते. इन्फ्लुएंझाच्या बाबतीतही हाच अनुभव: ध्रुवीय पेशीत वरून शिरायला त्याला ॲक्टिन लागतं, अध्रुवीय पेशींत तेवढी गरज दिसत नाही. पुढचं सारखं आहे: एंडोसोमचा (विषाणू ज्या पुटिकेतून आत गेला तिचा) सामू पाचाच्या जवळ उतरला की हिमॅग्लुटिनिन हे त्याचं पृष्ठभागावरचं प्रथिन रूप बदलतं आणि पटलं जुळतात.

१७. माझ्या थराचा रोध चांगला आहे, तरी खालच्या बाजूने शिरणारा विषाणू वरून दिल्यावर संसर्ग होतोय. माझा निकाल चुकला का?

आधी संसर्ग झालेल्या पेशी कुठे आहेत ते पाहा. इन्सर्टच्या कडेला वर्तुळ करून असतील तर तिथे थर नीट चिकटलेला नाही. रोधाचा सरासरी आकडा एवढी छोटी गळती लपवतो. मधोमध विखुरलेल्या एकट्या-दुकट्या असतील तर थर अजून पुरेसा पिकलेला नसेल, किंवा त्या जागी पेशी गळून पडत असतील. पेशींचे सलग पुंजके असतील तर एक पेशी आधी लागली आणि तिथून शेजारी पसरला अशी शक्यता. मग संसर्गानंतरच्या पहिल्या काही तासांतच मोजा.

उलट प्रकारही होतो: खालून द्यायचा विषाणू शिरतच नाही. ०.४ मायक्रॉनच्या छिद्रांतून मोठे विषाणू मोजकेच वर पोचतात, आणि खालच्या खोबणीत घातलेला विषाणू तळाशी बसून राहतो. इन्सर्ट उलटा करून पटलावर विषाणूचा थेंब ठेवा, तासभराने धुऊन सरळ करा, आणि शक्य असेल तर तीन मायक्रॉनची छिद्रं वापरा. मात्र तेवढ्या छिद्रांतून काही पेशी स्वतःच पलीकडे सरकून पटलाच्या खालच्या अंगाला वाढतात, आणि मग खालून दिलेला विषाणू त्यांच्या नेमक्या कोणत्या बाजूला लागतोय हे सांगता येत नाही. म्हणून एक इन्सर्ट कापून आडवा छेद पाहिल्याशिवाय तीन मायक्रॉनच्या निकालावर मी भरवसा ठेवत नाही.